आज केलेलं परवा भोवतं

पत्र परभणी जिल्ह्यातल्या एका आरोग्य सेविकेचं आहे. वय ४४, उपकेंद्रावर कायम नोकरी. नवरा शेती बघतो, मुलं शिकायला बाहेरगावी, घरी सासूबाई. कोविशिल्डचे दोन डोस फेब्रुवारी आणि मार्च २०२१ मध्ये घेतले. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, घरीच बरा झाला. जानेवारी २०२२ मध्ये, संक्रांतीच्या सुमारास, पुन्हा पॉझिटिव्ह. दोन दिवस ताप, आठव्या दिवशी कामावर. एप्रिल २०२२ च्या शेवटी प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा. 'त्या डोसपासून मी कामातून गेले,' असं त्या लिहितात. उभं राहिलं की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. सर्व्हेचा एक दिवस झाला की पुढे दोन दिवस अंथरूण. डोक्यात भुसा भरल्यासारखं होतं. एकदा एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) व्हायलवर उघडल्याची वेळ लिहायची राहिली, तेव्हापासून हात थरथरतो. रिपोर्ट सगळे नॉर्मल, 'फक्त हिमोग्लोबिन १०.४, पण ते आपल्याकडं बायांचं असतंच'. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, रोज चालत जा. सासूबाई म्हणतात, 'इंजेक्शनानंच केलं समदं.' गावातल्या बाया विचारतात, 'सिस्टर, तुमालाच असं झालं, मंग आमाला कामून टोचलं?' त्यांचे प्रश्न तीन: हे लसीनं झालं का, गावाला काय सांगू, आणि नोकरी सोडू का?

ताई,

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे. 'त्याच वर्षी शिवजयंतीला गावात स्पीकरवर पोवाडे लागले होते आणि मी उपकेंद्राच्या पायरीवर चावी हातात घेऊन बसले होते, कुलूप उघडायचं त्राण नव्हतं.' शिवजयंती १९ फेब्रुवारीला. तुमचा प्रिकॉशन डोस एप्रिलच्या शेवटी. म्हणजे तुम्ही पायरीवर बसलात तेव्हा तो डोस अजून दोन महिने लांब होता आणि संक्रांतीचा कोविड होऊन महिना उलटला होता.

एका वाक्यावरून निकाल लावायचा नसतो, हे खरं. पण दुखणं एका दिवशी सुरू होतं आणि आपल्याला आठवतो तो वेगळाच दिवस, हे फार वेळा घडतं. डोसाला तारीख असते, प्रमाणपत्र असतं, मोबाईलवर मेसेज असतो. थकव्याला यातलं काहीच नसतं. म्हणून थकवा डोसाच्या तारखेला चिकटतो. तेव्हा पहिलं काम हे: वहीचं एक पान घ्या आणि जानेवारी २०२१ पासून महिन्यांची उभी ओळ काढा. एका बाजूला कोविड आणि डोस, दुसऱ्या बाजूला शरीरानं काय केलं ते. महिना आठवत नसेल तर सण आठवा, पेरणी आठवा, मुलाची परीक्षा आठवा. तुमची दैनंदिनी आणि फिरतीची नोंद कामाला येईल. ज्या महिन्यात फिरती कमी झाली, अक्षर बिघडलं, खाडाखोड वाढली, तो महिना तिथं दिसेल. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर जाड फाईलीच्या आधी हे एक पान द्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची जी व्याख्या केली, तिच्याशी तुमचं वर्णन बरंच जुळतं. लक्षणं कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असतात, किमान दोन महिने टिकतात आणि त्यांचं दुसरं कारण सापडत नाही. थकवा, धाप आणि विचारात गोंधळ ही त्यातली मुख्य तीन. 'दुसरं कारण सापडत नाही' हा भाग मात्र तुमच्या बाबतीत अजून पूर्ण झालेला नाही. त्याकडे येतेच.

आधी लसीचं. कोविशिल्ड घेतल्यावर ताप, अंगदुखी, हात दुखणं हे दोन-तीन दिवस चालतं, ते तुम्ही शेकडो लोकांत पाहिलं आहे. प्लेटलेट कमी होऊन रक्ताची गुठळी होण्याचा जो दुर्मीळ धोका २०२४ च्या बातम्यांनी घरोघरी पोचवला, तो डोसानंतर साधारण ४ ते ४२ दिवसांतला असतो. तुमचा काळ कधीच उलटून गेला. 'लस घेतलेली पोरं पटापट जातायत' या बोलण्याचं म्हणाल तर आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या वेगळ्या: कोविडमुळे रुग्णालयात भरती झालेलं असणं, घरात असा मृत्यू आधी झालेला असणं, मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी केलेलं अतिमद्यपान किंवा जबर शारीरिक श्रम.

मग डोसानंतर तुम्हाला जास्त झालं ते खोटं का? मुळीच नाही. लाँग कोविड असलेल्या लोकांनी लस घेतली तेव्हा काहींना बरं वाटलं, काहींना काही दिवस जास्त त्रास झाला, पुष्कळांना फरक पडला नाही. तुम्ही दुसऱ्या गटात असू शकता. तो त्रास तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे एईएफआय, म्हणजे लसीनंतर झालेला त्रास, म्हणून नोंदवायला हवा होता. तो फॉर्म बाळांसाठी असतो तसा टोचणाऱ्या बाईसाठीही असतो, आणि तो भरणं म्हणजे लसीविरुद्ध तक्रार करणं नव्हे. पण एप्रिल अखेरीचा विचार करताना आणखी एका गोष्टीकडे बघा. परभणीत तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. उन्हात कातडीच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, घामावाटे पाणी जातं, उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि हृदय ते वर ओढायला धावतं. त्यात तुम्ही लिहिता की सत्राच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण अंगणवाडीला संडास नाही. डोस, ऊन आणि कोरडा घसा एकाच आठवड्यात आले. नाव एकाचंच झालं.

गावातल्या बायांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच देते, कारण तो प्रश्न तुम्हाला दुखण्यापेक्षा जास्त खातोय असं दिसतं. तुमचा समज असा की लस खरी असती तर मला काही झालं नसतं. लशीनं तसा शब्द कधी दिलाच नव्हता. इटलीतल्या एका रुग्णालय-समूहात तुमच्यासारख्याच, म्हणजे भरती न होता घरी बरं झालेल्या, आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये छापून आला. ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्यातल्या ४१.८ टक्क्यांना लाँग कोविड झाला. एक डोस घेतलेल्यांत ३० टक्के, दोन घेतलेल्यांत १७.४, तीन घेतलेल्यांत १६. आता यातली मेख बघा. ती लस फायझरची होती, आपली वेगळी. शिवाय लस आली तोवर विषाणूही बदलला होता, म्हणजे सगळा फरक लसीच्या खात्यावर टाकता येत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात हाच फायदा जेमतेम १५ टक्के निघाला. आकडे पुढेमागे होतात, पण दोन्हीकडे लस घेतलेल्यांचा त्रास कमीच निघाला. आणि दोन डोस घेऊनही शंभरातल्या सतरा जणांना झालाच. संक्रांतीच्या कोविडवेळी तुमचेही दोनच झाले होते, तुम्ही त्या सतरातल्या असाल. बाईनं विचारलं तर एवढंच सांगा: 'मला कोविड दोनदा झाला, त्याचं दुखणं मागं राहिलंय. लशीनं मी दवाखान्यात भरती व्हायची वाचले असेन.' 'असेन' हा शब्द गाळू नका. एकीच्या बाबतीत कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, आणि बायांना खरं बोलणारी सिस्टर ओळखू येते.

आता हिमोग्लोबिन. ताई, इथं थोडं रागावू द्या. १०.४ म्हणजे नॉर्मल नाही. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली रक्तक्षय, आणि ११ च्या खाली गेलं की तो मध्यम रक्तक्षय. हीच पट्टी तुम्ही रोज दुसऱ्यांना लावता आणि लोहाच्या लाल गोळ्या मोजून देता. 'आपल्याकडं असतंच' हे खरं आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. धडधड, धाप, अंधारी, लक्ष न लागणं, यातलं प्रत्येक लक्षण १०.४ एकटं आणू शकतं. तुमचा सगळा त्रास त्यानंच असेल असं नाही, सर्व्हेनंतरचे दोन दिवस अंथरूण त्यात नीट बसत नाहीत. पण ते दुरुस्त झाल्याशिवाय बाकी किती उरतं ते कळणार नाही.

गोळी किती आणि किती दिवस हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. घ्यायची कशी ते तुम्हाला पाठ आहे, तरी लिहिते, कारण स्वतःच्या बाबतीत विसरलं जातं. चहा-दुधापासून दीड-दोन तास लांब, कॅल्शियमच्या गोळीबरोबर कधीच नाही, लिंबूपाण्याबरोबर उत्तम. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी अंगी लागते. महिन्यात हिमोग्लोबिन साधारण एकनं वाढायला हवं. वाढलं नाही तर नुसती गोळी वाढवत बसू नका. रक्त कुठून जातंय ते शोधा. ४४ व्या वर्षी पहिली शंका पाळीवर. पॅड दर दोन तासाला बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर स्त्रीरोग तज्ज्ञ आणि सोनोग्राफी. आकडा १२ वर गेला म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात.

रक्ताची चिठ्ठी लिहून घ्यायची तर ही: सीबीसी, फेरिटिन, सीआरपी, टीएसएच, एचबीए१सी, क्रिएटिनिन, बी१२, ड जीवनसत्त्व. शिवाय ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं, मग त्याबरोबर दाह दाखवणारं सीआरपी का? अंगात कुठं दाह असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. आणि आपल्या कामात टीबी विसरून चालत नाही. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, यातलं काही असेल तर थुंकी आधी. लाँग कोविडच्या नावाखाली टीबी राहून जाणं आरोग्य कर्मचाऱ्यांत अजिबात अशक्य नाही.

एक तपासणी तुमच्या उपकेंद्रातच होते, फुकट. बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, घड्याळ आणि जवळ उभी एक आशाताई एवढं पुरे. सकाळी, चहाच्या आधी करा. नखांना पॉलिश नको, हात थंड नको, नाहीतर ऑक्सिमीटर चुकतं. दहा मिनिटं उताणं पडून राहा, बोलू नका. नाडी आणि बीपी लिहा. मग उठून भिंतीला पाठ टेका, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दहा मिनिटं तशाच उभ्या राहा. पाय हलवायचे नाहीत, पोटऱ्या आवळायच्या नाहीत. दर मिनिटाला नाडी लिहायची, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला बीपीही. डोळ्यांपुढे काळं आलं तर लगेच आडवं व्हायचं, दहा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको.

नाडी पडून असतानापेक्षा ३० किंवा जास्त वाढली, वाढलेलीच राहिली आणि बीपी पडलं नाही, तर पॉट्स नावाच्या विकाराची शंका येते. शरीराचं आपोआप चालणारं नियंत्रण बिघडलेलं असतं, आणि कोविडनंतर तो बऱ्याच जणांत आढळतो. वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं पडलं तर वाट वेगळी: पाणी कमी पडतंय, रक्त कमी आहे किंवा एखाद्या गोळीचा परिणाम. रक्तक्षयानंही उभं राहिल्यावर नाडी पळते, म्हणून हीच तपासणी हिमोग्लोबिन सुधारल्यावर पुन्हा करा. हे कोष्टक घेऊन मेडिसिनच्या ओपीडीत जा. परभणीत सोय झाली तर ठीक, नाहीतर नांदेड, लातूर, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. 'मला अशक्तपणा आहे' म्हणालात तर टॉनिक मिळेल. 'पडून ८२, उभं राहून आठव्या मिनिटाला ११८, बीपी तेवढंच' अशा शब्दांत सांगितलंत तर डॉक्टर पेन खाली ठेवतील आणि तुमच्याकडे बघतील. (हे आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही मोजा.)

बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्रमानं छातीत दुखणं, खरोखर बेशुद्ध पडणं, एकच पाय सुजणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर वही-कोष्टक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पॉट्स निघो न निघो, उभं राहून अंधारी येणाऱ्याला पाणी लागतं. दिवसाला अडीच-तीन लिटर. सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी दोन ग्लास एकदम प्यायचे, थोड्याच वेळात बीपीला आधार येतो. जादा मीठ, म्हणजे मिठाचं ताक किंवा ओआरएस, तुमचं बीपी चढतं नसेल आणि मूत्रपिंड-हृदय ठीक असेल तरच, डॉक्टरांना विचारून. घट्ट लांब मोजे पुस्तकात लिहिलेले असतात. मे महिन्यात मराठवाड्यात ते कोण घालणार? त्याऐवजी पोटाला पट्टा बांधला तर बऱ्यापैकी काम भागतं. सत्राच्या जागेचं मात्र बोलून ठेवा. जिथं संडास आहे असं घर किंवा शाळा आशाताईला आधीच शोधायला सांगा. तुमच्या दुखण्याचा निम्मा उन्हाळा या एका गोष्टीत अडकलेला आहे. आणि सलाईन लावून घेऊ नका. तुम्हाला सलाईननं बरं वाटतं ते खरंच वाटतं, कारण रक्तवाहिन्यांत पाणी भरतं. पण ते उतरून जातं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शिरेत सुई. तेवढं पाणी तोंडानं घेता येतं.

आता 'रोज चालत जा' या सल्ल्याकडे. आजारानंतर नुसती सवय मोडलेल्या माणसाला तो बरोबर आहे. तुम्हाला बरोबर आहे का, हे तिसऱ्या दिवशी कळतं. काही लाँग कोविडच्या रुग्णांत श्रमाची शिक्षा लगेच होत नाही. काम करताना बरंच वाटतं, आणि बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी अंग कोसळतं. तुमच्या सर्व्हेचं नेमकं तसंच आहे: आज केलेलं परवा भोवतं. मग अंथरूण, मग जरा बरं वाटलं की राहिलेली सगळी कामं एका दिवसात उरकायची, की पुन्हा अंथरूण. हे चक्र चालू असेपर्यंत रोज दहा मिनिटं वाढवत चालणं उलटं पडतं. अशा त्रासात ठरल्या मापानं व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस या मिळत्याजुळत्या आजारासाठी काढून टाकला.

दोन आठवडे नोंद ठेवा. वेळ, काम, नाडी, थकवा शून्य ते दहा. कोसळलात त्या दिवसाच्या मागचे दोन दिवस वाचा. मर्यादा तिथं दिसेल. मग जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या दोन-तृतीयांशच करायचं, बऱ्या दिवशीसुद्धा. बऱ्या दिवशी थांबणं हेच अवघड असतं. एक ढोबळ माप: सकाळी अंथरुणातली नाडी अधिक १५, त्याच्या आतच राहायचं. पण उभं राहिल्याबरोबर ती रेघ ओलांडत असेल तर आकड्यामागे धावू नका, बसायला शिका. अंघोळ स्टुलावर, पाणी कोमट. भाकरी ओट्याशी उभं राहून थापू नका. तोच सगळ्यात वाईट वेळ असतो, हात छातीच्या वर, समोर तव्याची धग, पाय एका जागी. खाली बसून परातीत थापा आणि भाजायला कुणीतरी दुसरं असू द्या. सासूबाईंना इंजेक्शनाचा राग आहेच, तो भाकरी उलटण्यात निघू द्या. घर चालतं ठेवायला कुणाकुणाचे हात लागतात, हे त्यानिमित्तानं सगळ्यांना दिसेल.

'टेन्शन आहे' हे ऐकून तुम्हाला अपमान वाटला. वाटणारच. पण दोन्ही असू शकतं. मन खचलं की करावंसंच वाटत नाही. तुमच्या पत्रात करावंसं वाटणं भरभरून आहे, शरीर साथ देत नाही. मात्र पहाटे तीनला जाग येत असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर त्याचे उपचार वेगळे आणि चांगले आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मराठीतही बोलतो.

नोकरीचं. राजीनाम्याचा कागद आत्ता काढू नका. रक्तक्षय भरायचा आहे, तपासणी व्हायची आहे, उपचार सुरूच झालेला नाही. अशा वेळी घेतलेला निर्णय दुखण्यानं घेतलेला असतो. तुम्ही कायम आहात, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते. पगार पूर्ण, पण १० दिवसांना अर्धपगारी रजेतले २० दिवस खर्ची पडतात, म्हणून शिल्लक बघून घ्या. सलग महिनाभर घरी बसण्यापेक्षा काम वाटून घेणं बहुधा जास्त उपयोगी पडतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्यात आजाराचं वर्णन कमी, काम जास्त लिहा: 'पुढील तीन महिने सत्रस्थळी लस पोचवणाऱ्या माणसानं लसीचा कॅरियर थेट आणून द्यावा, मला बसून लसीकरण करू द्यावं, सर्व्हेची घरं एका दिवसाऐवजी दोन दिवसांत वाटून द्यावीत, सत्राच्या दुसऱ्या दिवशी बैठं काम द्यावं. तपासणीचं कोष्टक सोबत जोडलं आहे.' अशा मागणीला हो म्हणणं साहेबांना सोपं जातं, 'हलकं काम द्या' याला काय करायचं ते त्यांनाही कळत नाही. कंत्राटी भगिनींना परिवर्तित रजेचं हे खातं नसतं, तरी हा अर्ज त्यांनीही लेखीच द्यावा आणि पोच घ्यावी. आशाताईंचं सगळ्यात कठीण, काम नाही तर मोबदला नाही. त्यांनी घरं वाटून घेण्याचं गटप्रवर्तकांशी आधीच ठरवावं, कोसळल्यावर नव्हे.

शेवटी ती एमआरची व्हायल. वेळ लिहायची राहिली, तुमच्या लक्षात आलं, म्हणजे तुमचं भान शाबूत आहे. पण धास्तीवर सुरक्षितता उभी राहत नाही, रीतीवर राहते. मिसळलेली एमआर चार तासांनी फेकायची, म्हणून पाणी टाकण्याआधीच वेळ लिहायची, नंतर नाही. व्हायल हातात घेतली की लसीचं नाव, मुदत आणि व्हीव्हीएमचा (उष्णतेनं लस बिघडली का ते दाखवणाऱ्या खुणेचा) रंग मोठ्यानं वाचायचा, समोरच्या आशाताईनं तो परत म्हणायचा. एका वेळी एकच बाळ टेबलाशी. नोंदवहीतली ओळ बाळ समोर असतानाच पुरी करायची, ऑनलाईन नोंद सकाळी डोकं ताजं असताना. मधे कुणी बोलायला आलं तर 'थांबा' म्हणायचं, वाईट वाटलं तरी चालेल. आणि मार्कर कुठंतरी राहतो ही नेहमीची गोष्ट. दोरी घ्या आणि तो कॅरियरच्या पट्ट्यालाच बांधून टाका.